मोल्डचे पैसे कंपनी देणार, मग बोर्डाचं नाव कुणाच्या नावावर?

तांब्याची तार:
आमचा एक छोटा ओपन हार्डवेअर (डिझाइन सगळ्यांना खुलं) प्रोजेक्ट आहे, डेटा लॉगर म्हणजे मोजमापं नोंदवून ठेवणारा बोर्ड, चौघं मिळून करतो, आत्तापर्यंत सगळं पदरमोड करून. आता एक कंपनी (नाव नाही सांगत, बोलणी चालू आहेत) म्हणतेय की डब्याचा मोल्ड (साचा), ईएमसी टेस्टिंग (विद्युतचुंबकीय त्रास होत-देत नाही ना याची तपासणी) आणि पहिला लॉट, सगळा खर्च आमचा. बदल्यात पाच जणांच्या समितीत दोन जागा त्यांच्या आणि ट्रेडमार्क त्यांच्या नावावर. जागांबद्दल माझं काही म्हणणं नाही, या बसा. पण ट्रेडमार्क द्यायला मी ठाम नाही म्हणतोय आणि बाकीचे तिघं मला आडमुठा ठरवून मोकळे झालेत.

स्किमॅटिक (सर्किटचा आराखडा) आणि गर्बर (बोर्ड छापायच्या) फायली तर कुणीही उतरवून घेऊ शकतो, त्यासाठीच खुल्या केल्यात ना. मग आपल्या हातात उरतं काय, तर नाव. आर्डुइनो या हौशी लोकांच्या लाडक्या बोर्डाचं बघा, डिझाइन सगळी खुली असूनही संस्थापकांचं फाटलं तेव्हा कोर्टकचेरी झाली ती नावावरून, आणि २०१५ मध्ये एका गटाला अमेरिकेबाहेर 'जेन्युइनो' नावाने बोर्ड विकायची पाळी आली, ते मिटायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. इतक्या मोठ्यांची ही गत, आपण कोण?

मल्टीमीटर:
दाम करी काम, साहेब. पैसा त्यांचा, रिस्क त्यांची, माल पडून राहिला तर गोडाऊन त्यांचं, आणि नाव मात्र तुमचं? कोण ऐकेल? तुम्ही चौघं घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजताय, दोन वर्षांत एकाची नोकरी बदलेल, एकाला मूल होईल, लोकांच्या तक्रारींना उत्तर द्यायला कुणी उरणार नाही. बंद पडलेल्या प्रोजेक्टचं नाव जपून करायचंय काय? आणि उदाहरण अर्धवट देऊ नका, आर्डुइनोमधली ती भांडणं घरच्यांचीच होती, बाहेरच्या कंपनीची नाही.

तांब्याची तार:
घरच्यांची होती, मान्य. पण २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये क्वालकॉम या चिप कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात वापराच्या नव्या अटींवरून केवढा गदारोळ झाला तो आठवा. नाव ज्याचं त्याने अटी बदलल्या, आणि वापरणाऱ्यांच्या हातात आरडाओरडा करण्यापलीकडे काही नव्हतं. सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरी घालून घ्यायची?

शून्य ओहम:
दोघंही टोकाला जाताय. नाव ना चौघांचं ना कंपनीचं, तिसऱ्याकडे ठेवा. कायकॅड हे बोर्ड डिझाइनचं खुलं सॉफ्टवेअर १९९२ पासून चालू आहे, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने त्यात माणसं आणि पैसे घातले, पण सर्नने ते स्वतःच्या नावावर करून घेतलं नाही, २०१९ मध्ये प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेला. गुगलनेही २०१९ मध्येच ओपनटायटन या खुल्या सुरक्षा चिपचं काम जाहीर केलं, पण चालवायला दिलं लोरिस्क या ना-नफा संस्थेकडे. म्हणजे कंपनीचा पैसा आणि कारभार वेगळे ठेवता येतात, करायची इच्छा हवी.

मल्टीमीटर:
फाउंडेशन म्हणजे काय गंगास्नान आहे का? रिस्क-फाइव्ह हे प्रोसेसरचं खुलं मानक घ्या, २०१५ ला फाउंडेशन झालं, २०२० मध्ये स्वित्झर्लंडला गेलं, कुठल्या एका देशाच्या हातात राहू नये म्हणून, छानच. पण मोठी वर्गणी भरणाऱ्या कंपनीला तिथे संचालक मंडळात खुर्ची मिळते, आणि तुमच्या-आमच्यासारख्याला सभासदत्व फुकट पण आवाज नावापुरता. पैशाला खुर्ची मिळतेच हो, फक्त दरपत्रक लावून मिळते. त्यापेक्षा सरळ कंपनीला विचारा काय हवंय ते, निदान समोर माणूस तरी दिसतो.

सोल्डरचा धूर:
मी छोट्या लॉटचं उत्पादन करून देतो म्हणून सांगतो, तुम्ही सगळे चुकीच्या कागदावर भांडताय. ट्रेडमार्क राहू दे बाजूला, मोल्ड कुणाच्या मालकीचा? टेस्ट रिपोर्ट कुणाच्या नावाने निघणार? सॉफ्टवेअरमध्ये ठीक असतं, हॅशिकॉर्प कंपनीने २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म सॉफ्टवेअरचं लायसन्स बदललं तर लोकांनी फोर्क मारून, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून वेगळी शाखा करून, ओपनटोफू काढला. हार्डवेअरमध्ये फोर्क मारलात तर फाइली मिळतील, स्टीलचा मोल्ड मिळणार नाही, तो कारखान्यात त्यांच्या नावाची पट्टी लावून पडलेला असेल. सर्टिफिकेट ज्याच्या नावावर त्याचाच माल विकला जाणार, तुम्हाला नव्याने टेस्टिंग, नव्याने खर्च. यूएसबीचा व्हेंडर आयडी (बोर्ड कुणाचा ते कॉम्प्युटरला सांगणारा नंबर) सुद्धा त्यांचा घेतलात तर गेलात (पिड डॉट कोड्स या साइटवर १२०९ या व्हेंडर आयडीखाली ओपन प्रोजेक्टना प्रॉडक्ट आयडी फुकट मिळतो, आजच अर्ज करा, हे एक काम तरी कुणाला न विचारता होईल).

शून्य ओहम:
हे पटलं. आणि लायसन्स सर्नच्या ओएचएल २ (ओपन हार्डवेअर लायसन्स) मधला एस हा सगळ्यात कडक प्रकार घ्या, म्हणजे बदल करून माल विकणाऱ्याला बदललेलं डिझाइनही द्यावं लागतं. कंपनी सीएलए (काम देणाऱ्यांनी सही करायचा करार) पुढे करेल, ज्यात लायसन्स बदलण्याइतके हक्क एका जागी जमा होऊ शकतात, त्यावर सही करू नका. हक्क विखुरलेले असले की उद्या कुणाला वाटलं तरी लायसन्स गुपचूप बदलता येत नाही.

मल्टीमीटर:
बरोबर, कंपनीने पैसे द्यायचे, मोल्ड तुमचा, नाव तुमचं, लायसन्स तुमचं, आणि त्यांना काय, आभाराचं पत्र? मेकरबॉट ही थ्रीडी प्रिंटरची कंपनी २०१२ मध्ये रेप्लिकेटर २ चं डिझाइन खुलं न ठेवता बंद करून बसली तेव्हा सगळ्यांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या, पण पगार कुठून द्यायचे हा त्यांचा प्रश्न खरा होता. क्लोनवाले (हुबेहूब नक्कल करणारे) निम्म्या किमतीत विकतात, सपोर्टचे फोन मूळवाल्याला येतात.

तांब्याची तार:
क्लोनचा मुद्दा मलाही छळतोच, खोटं कशाला बोलू. काल कंपनीला मोल्डचं विचारलं तर म्हणाले, "तो आमचाच राहणार, त्यात विचारायचं काय." तेव्हा आता उलटा प्रस्ताव पाठवतोय: मोल्डचे पैसे माल विकून टप्प्याटप्प्याने फेडू, फिटले की मोल्ड आमचा. नाव एका ना-नफा संस्थेकडे, कंपनीला तीन वर्षं वापरायची मुभा, त्या काळात नाव लावून विकायचा हक्क फक्त त्यांना, म्हणजे क्लोनवाल्यावर दावा तेच करतील. तिघांपैकी एक तयार झालाय, म्हणजे दोन-दोन.

मल्टीमीटर:
आणि कंपनी नाही म्हणाली तर?

सोल्डरचा धूर:
तर थ्रीडी प्रिंटच्या डब्यात पन्नास-पन्नासचे लॉट काढा, मी करून देतो. दिसायला भिकार दिसेल एवढंच.