कोटातला फोटो काढा

ए-१०४ : ३०२ वहिनी, काल रात्री ग्रुपवर टाकलेला लेकीचा लॅबमधला फोटो आधी काढा. कोट छान दिसतोय, पण मागच्या रॅकमधल्या रक्ताच्या नळ्यांवर पेशंटची नावं आहेत. मी झूम करून वाचली. दोन तर आडनावासकट.

बी-३०२ : कौतुकाने टाकला होता हो. अकरावीच्या सुट्टीतली रिसर्च इंटर्नशिप आहे, त्यात काय एवढं? आणि झूम कशाला करायचं?

ए-१०४ : केलं म्हणून कळलं. २० वर्षं लॅबमध्ये काढलीत मी. कुणाचं रक्त कशासाठी आलंय, हे त्याच्या शेजाऱ्यालाही कळता कामा नये.

सी-४०१ : अभिनंदन ताई 🙏 सर्टिफिकेट मिळतं का?

सेक्रेटरी : नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. बी विंगची पाण्याची मोटर आज दुरुस्तीसाठी बंद राहील.

बी-१०१ : परत??

मास्तर काका : विषय निघालाच आहे म्हणून. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोला बँटिंग या डॉक्टरच्या हाताखाली चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतनीस म्हणून लागला. काम काय, तर कुत्र्यांच्या रक्तातली साखर मोजत बसणं. त्यातून इन्सुलिन हाती आलं. १९२३ चं नोबेल मात्र बँटिंग आणि त्यांना लॅब देणाऱ्या प्राध्यापक मॅक्लाउडला. बँटिंगने आपल्या वाट्यातले अर्धे पैसे बेस्टला दिले.

डी-५०२ : म्हणजे बेस्टलाही सर्टिफिकेट नाही. ४०१, ऐकताय ना? 😄

ए-१०४ : मास्तर, बेस्ट पदवीपर्यंत शिकलेला होता, अकरावीत नव्हता. आणि पुढचंही सांगा. जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन १४ वर्षांच्या पोराला दिलं. अर्क अशुद्ध होता, टोचलं तिथे गळू झालं. १२ दिवसांनी शुद्ध केलेला दिला तेव्हा गुण आला. हे खेळणं नाही.

डी-५०२ : मला एक कळत नाही. अकरावीच्या मुलीला ओळखीशिवाय आत घेतात कसं?

बी-३०२ : ओळख? पोरीने स्वतः ४० ई-मेल लिहिले. ३७ जणांचं उत्तरच नाही, दोघांचं नाही, एका मॅडमनी बोलावलं. तुमच्या चिरंजीवांची टक्केवारी ग्रुपवर तीन दिवस फिरत होती, तेव्हा आम्ही गुमान अंगठे दिले होते.

डी-५०२ : तो विषय वेगळा.

सी-४०१ : ताई, आठ आठवड्यांचं असेल तर सर्टिफिकेट मिळतं का? आमचा पण रिकामाच आहे.

बी-३०२ : (लेक लिहितेय) काकू, सॉरी. लॅबमध्ये फोन आणायचाच नसतो, चूक माझी. मॅडमना मी आजच सांगते. पण त्या रक्ताला मला हात लावू देत नाहीत. पहिला आठवडाभर नुसतं पाणी उचललं, मायक्रोपिपेटने, म्हणजे थेंबभर द्रव मोजून उचलायच्या नळीने. १०० मायक्रोलिटर काट्यावर सोडलं की १०० मिलिग्रॅम भरायला हवं. माझं ९१, १०८, ९४! टिप फार खोल बुडवली की बाहेरून थेंब चिकटतो, अंगठा झटकन सोडला की आत हवा जाते. आता ९९ च्या आसपास येतं. दुपारी स्लाइडच्या फोटोंवरच्या पेशी मोजते. कुठल्या स्लाइडला औषध दिलंय ते मला मुद्दाम सांगत नाहीत. माहीत असलं की आपोआप हवं तसं मोजलं जातं म्हणे.

मास्तर काका : शाब्बास!

ए-१०४ : ९९ चांगलं आहे गं. एकदाच नाही, लागोपाठ दहादा यायला हवं. आणि मॅडमना खरंच सांग, त्या ओरडतील, ओरडू दे. वहिनी, तुमच्यावर राग नाही. फोटो मात्र अजून दिसतोय.

बी-३०२ : माझ्याकडे ‘माझ्यापुरतं डिलीट’ येतंय.

ए-१०४ : ते दाबू नका!

बी-३०२ : दाबलं.

सेक्रेटरी : थांबा, ॲडमिन म्हणून मी काढतो. ज्यांच्या गॅलरीत उतरला असेल त्यांनीही काढावा. झालं.

ए-१०४ : सेक्रेटरी, फोटो आहे तसाच आहे. तुम्ही मोटरची नोटीस उडवलीत.

सी-४०१ : ताई, तेवढं सर्टिफिकेटचं...

बी-१०१ : मोटर कधी बंद होणार होती? कुणी वाचलं होतं का?