एम.एस.मधला थकवा आणि चालण्याचे श्रम: दुखणे एक की दोन?

वनाजकर
माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एम.एस., हा मेंदू व मज्जारज्जूचा आजार आहे. नवा रिलॅप्स (आजाराची पुन्हा उसळी) नाही आणि एमआरआयमध्येही फरक नाही, असे तिचे न्यूरॉलॉजिस्ट सांगतात. तरीही तुळशीबागेतून मंडईच्या मेट्रो स्थानकापर्यंत येईतो तिचा उजवा पाय जड होतो, चवडा जमिनीला घासू लागतो आणि थोडा वेळ कुठे टेकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याउलट काही दिवशी ती सकाळी अंथरुणातून उठतानाच गळून गेलेली असते. आई म्हणते विश्रांती घे, मी म्हणतो रोज चाल. चालण्याला जास्त श्रम पडतात म्हणून हा थकवा येतो, की ही दोन वेगळी दुखणी आहेत?

फिजिओ, कर्वेनगर
दुखणी दोन आहेत, पण एकमेकांत गुंतलेली. मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण खराब झाल्यामुळे स्नायूंपर्यंत संदेश नीट पोहोचत नाहीत, पाय ताठरतो, चवडा पुरेसा उचलला जात नाही, आणि तो अडू नये म्हणून माणूस कंबर वर खेचून किंवा पाय बाहेरून फिरवून पाऊल टाकतो. तेवढेच अंतर जायला मग जास्त प्राणवायू खर्ची पडतो. हळू चालले की श्रम वाचतात, हा समजही पुरता खरा नाही, कारण फार मंद चालीत दर मीटरमागे ऊर्जा उलट अधिकच लागते.

चालता चालता पाय जड होणे सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत सापडते. पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात कापलेले अंतर ताडून पाहावे. सकाळच्या थकव्याचे मूळ आजाराने मेंदूत केलेल्या बदलांत असू शकते, किंवा रात्री लघवीला वारंवार उठणे, पायांत गोळे येणे, नैराश्य, रक्तक्षय, थायरॉइड यांतही असू शकते. उत्तम चालणारे रुग्णही दिवसभर थकलेले असतात, म्हणून एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. तिने चालावे, पण चवडा घासू लागण्याच्या आधी थांबून. शिवाय पायांच्या ताकदीचा व्यायाम करावा. नुसत्या विश्रांतीने स्नायू आणखी दुबळे होतात.

धनकवडीची वाचक
मला स्वतःला हा आजार आहे. उन्हाचा उल्लेख राहिला, तो करते. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी लक्षणे तात्पुरती बळावतात. शारीरिक श्रमानंतर नजर अशी तात्पुरती अंधूक होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवले होते. एप्रिल-मेमध्ये माझी बाहेरची कामे सकाळी लवकर उरकलेली असतात. चवड्यासाठी मी एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल सावरून धरणारा पट्टा, वापरते. दुकानातल्या तयार पट्ट्याने टाच सोलवटली, म्हणून साचा घेऊन मापाचा करवून घेतला. रस्त्यावर त्याचा फार आधार वाटतो. पण तो बुटातच नीट बसतो, आणि आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढायची रीत असल्याने घरात तो उपयोगी पडत नाही, हे विक्रेता सांगत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये एम.एस.चा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्राची चौकशीही करून ठेवावी.

वनाजकर
आभारी आहे. एका परिचितांनी थकव्यासाठी मोडाफिनिल सुचवले आहे. त्याचा उपयोग होतो का?

फिजिओ, कर्वेनगर
औषधाचा निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा. परिचितांच्या सांगण्यावरून मुळीच सुरू करू नये. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही तिन्ही औषधे एम.एस.च्या थकव्यावर औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा (प्लसिबो) सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र अधिक दिसले. फॅम्प्रिडिन हे औषध वेगळे आहे. ते चालण्याचा वेग वाढवण्यासाठी देतात, गुण काही जणांनाच येतो, आणि फिट्स आल्या असतील किंवा मूत्रपिंडे कमजोर असतील तर ते चालत नाही. पुढच्या भेटीत आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप यांविषयी विचारा, आणि पाय कुठवर गेल्यावर जड होतो ते डॉक्टरांना अंतरासह सांगा.