महास्फोट ‘सिद्ध झालाय’ असं मुलांना सांगावं का?

म्हापशेकर
परवा सप्ताहाच्या रात्री भजन संपल्यावर देवळाच्या अंगणात मुलांशी बोलत बसलो होतो. नववीतली मुलगी म्हणाली, “१३८० कोटी वर्षांपूर्वी स्फोट झाला नि विश्व जन्मलं, हे सिद्ध झालंय.” मला ‘सिद्ध’ खटकलं. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी १९९३ मध्ये फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज या शास्त्रज्ञांसोबत वेगळी मांडणी केली होती: विश्वाला आरंभ नाही, ते फुगत-आकसत राहतं, नवं द्रव्य अधूनमधून घडत राहतं. आपल्या कोल्हापुरात जन्मलेला माणूस हयातभर प्रवाहाविरुद्ध उभा राहिला. मुलांना ही बाजू कोण सांगतं?

फोंड्याची शिक्षिका
बाब, नारळीकर सरांबद्दल आदर मलाही आहे. म्हणून पुरावा बाजूला सारायचा का? पेंझियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४-६५ मध्ये आकाशाच्या सगळ्या दिशांनी सारखंच येणारं मंद प्रारण (रेडिओसारख्या लहरी) सापडलं; महास्फोटवाले त्याला तप्त आरंभाची उरलेली ऊब मानतात. जुन्या टीव्हीवर दिसणाऱ्या मुंग्यांतही त्याचा थोडा अंश असायचा. सरांच्या गटाचं म्हणणं, ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या बारीक सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, तेच हे प्रारण. पण त्या प्रारणातल्या सूक्ष्म चढउतारांचा नेमका आराखडा महास्फोटाच्या गणिताशी जुळतो. आणि ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं काय? तारे ते जाळतात, साठवत नाहीत. तप्त आरंभ नसेल तर इतकं आलं कुठून?

काणकोणहून
आरंभाचं राहू दे, शेवटाचं बघा. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून (स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्यांवरून) कळलं की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय. तेव्हापासून विश्व थंड, काळोखं होत जाणार असंच आपण शिकवत आलो. आता २०२४-२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा करणाऱ्या ‘डेसी’ उपकरणाच्या मोजमापांतून कृष्ण ऊर्जा, म्हणजे हा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा, क्षीण होत असावी, असा इशारा मिळालाय; म्हणजे तो शेवटही नक्की नाही. म्हापशेकर बरोबर आहेत, ‘सिद्ध’ म्हणायची घाई नको.

फोंड्याची शिक्षिका
हा घोटाळा करू नका. शेवट अनिश्चित म्हणून आरंभाचा पुरावा कच्चा होत नाही. विश्व एकेकाळी अतितप्त, दाट होतं नि निवत गेलं, एवढं पक्कं. त्याच्याही आधीचा शून्य क्षण मात्र कुणालाच ठाऊक नाही, आणि तिथे ‘सिद्ध’ शब्द मीही वापरणार नाही.

म्हापशेकर
ड्युटेरियमवर माझ्याकडे उत्तर नाही. तरी नारळीकरांचं नाव वर्गात घ्याच. ‘बिग बँग’ हे नावच त्या सिद्धांताच्या विरोधकाने, हॉयलने, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर उच्चारलं होतं. मुलांना हे ऐकायला आवडेल.

फोंड्याची शिक्षिका
घेईन. पण त्यांची मांडणी कुठे अडली, तेही त्याच तासाला सांगेन.