जर्मन शेफर्ड, मादी, दहा महिने : शोमध्ये उतरवायची आहे, सल्ला हवा

घणसोलीकर :
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्याकडे दहा महिन्यांची जर्मन शेफर्ड आहे, नाव राणी. अडीच महिन्यांची असताना कल्याणच्या पुढे एका ब्रीडरकडून आणली. 'पेपरवाली' (म्हणजे वंशाचा नोंदणी कागद असलेली) म्हणून आठ हजार जास्त मोजले. गेल्या रविवारी मुलीला घेऊन एक डॉग शो बघायला गेलो होतो, राणी घरीच होती. तिथे एका गृहस्थांना मोबाइलवर फोटो दाखवले तर म्हणाले, पाठ छान आहे, रंग छान आहे, रिंगमध्ये उतरवा की! झालं. तेव्हापासून मुलगी रोज विचारते, पुढचा शो कधी.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. तयारी घरी करता येते की शोमध्ये कुत्रा धरून पळवणारा हँडलर लावावा लागतो? एका ट्रेनरशी बोललो तर म्हणाला, दोन महिने माझ्याकडे सोडा, लाइनवर आणून देतो, पस्तीस हजार. मन होत नाही. त्यात आई म्हणते की राणीचं नसबंदीचं ऑपरेशन करायच्या आधी एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर मादी आजारी पडते. खरं आहे का?

आणि जाता जाता, सोसायटीने बोर्डावर नोटीस लावलीय की कुत्र्यांनी लिफ्ट वापरायची नाही आणि महिना पाचशे रुपये भरायचे. आम्ही नवव्या मजल्यावर राहतो.

रिंगसाइड :
अभिनंदन, आणि आता थोडं थंड पाणी. मोबाइलवरच्या फोटोत प्रत्येक शेफर्डची पाठ छान दिसते.

आधी पेपर कपाटातून काढा आणि नीट वाचा. केनेल क्लब ऑफ इंडियाचं मूळ प्रमाणपत्र आहे की झेरॉक्स? मालक म्हणून कोणाचं नाव आहे? ब्रीडरचंच असेल तर ट्रान्सफर राहिलीय. त्यावर मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर असतो. ज्या व्हेटकडे स्कॅनर आहे तिथे जा, मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये फिरवला की नंबर दिसतो. जुळला तर कागद राणीचा. नाही जुळला तर तो कोणाचाही असू शकतो. हे झाल्याशिवाय एंट्री फी भरू नका.

जुळला असं धरून चालतो. शो म्हणजे सौंदर्यस्पर्धा असं लोकांना वाटतं. जज खरं तर समोरचा कुत्रा त्याच्या जातीच्या लिखित वर्णनाशी ताडून बघत असतो. शेफर्डच्या मादीची खांद्यापाशी उंची ५५ ते ६० सेंटिमीटर, नराची ६० ते ६५. तोंड उघडून दात मोजले जातात. मोठ्या कुत्र्याला ४२ हवेत, आणि वरचे पुढचे दात खालच्यांवर कात्रीसारखे बसले पाहिजेत. दहा महिन्यांत पक्के दात आलेले असतात, म्हणून आज संध्याकाळी बसून मोजा, फुकटचं काम आहे. सवय नसलेली कुत्री परक्या माणसाने ओठ वर केला की मागे सरकते, आणि बुजरेपणा या जातीत मोठा दोष धरतात. ओळखीच्या पाच-सहा जणांना रोज तिचे दात बघायला लावा. शेजाऱ्यांना जरा विचित्र वाटेल.

रिंगमध्ये जज मधे उभा असतो, तुम्ही घड्याळाच्या उलट दिशेने पळता, कुत्रा तुमच्या डाव्या हाताला, म्हणजे जज आणि तुमच्या मधे. कुत्र्याला झाकून पळणारा मालक बघितला की समजावं, नवीन आहे. उभं करायच्या ढबीला स्टॅक म्हणतात. शेफर्डचा वेगळा : जजच्या बाजूचा मागचा पाय मागे, घोट्याखालची नळी जमिनीशी सरळ उभी, आणि दुसरा मागचा पाय पोटाखाली पुढे. पाय हाताने उचलून ठेवायचा, पाठ दाबून खाली बसवायची नाही. पहिल्या आठवड्यात तीन सेकंद उभी राहिली तरी चिकनचा तुकडा द्या. तीनाचे दहा, दहाचे तीस.

मग पळणं. शेफर्डच्या खास शोमध्ये फेऱ्यांवर फेऱ्या मारायला लावतात आणि बाहेर घरातली मंडळी कुत्र्याचं नाव घेत, चेंडू दाखवत रिंगभोवती पळत असतात, म्हणजे कुत्रा कान उभे करून पुढे बघतो. याला डबल हँडलिंग म्हणतात. मला अजिबात आवडत नाही, पण पहिल्यांदा बघाल तर हसून हसून पुरेवाट होईल.

हँडलर? पहिल्या शोला नको. मुलगी किती वर्षांची आहे?

कोपरीवाली :
ट्रेनरकडे दोन महिने सोडू नका, प्लीज.

आमचा लॅब सात महिन्यांचा असताना असाच सोडला होता. परत आला तो 'सिट' म्हटलं की धाडकन बसायचा, आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी ऑफिसला जाताना खुंटीवरचा पट्टा काढला, कमरेचा पट्टा हो, तर हा कॉटखाली. अंग चोरून, तिथेच लघवी. दीड वर्ष झालं, अजून पट्ट्याची बकल वाजली की कान मागे जातात.

ट्रेनर घरी येऊन तुम्हाला शिकवणारा बघा. आठवड्यातून दोनदा आला तरी पुरे, बाकी पाच दिवस तुम्ही. पहिल्याच दिवशी त्याच्या हातात काय आहे ते बघायचं. खाऊ असेल तर चहा विचारा, चोक चेन असेल तर दारातूनच नमस्कार. आणि समोर शिकवायला नाही म्हणाला तर संपलाच विषय.

सवय लावायची तर घणसोली स्टेशनबाहेर रिक्षास्टँडपाशी दहा मिनिटं नुसती उभी करा. शोच्या मैदानात स्पीकर, मंडप, शंभर कुत्री, सगळं एकदम असतं. आमच्याकडचे काही जण कुत्र्याला 'मोकळं पळू दे' म्हणून येऊरला नेतात, ते मात्र करू नका. जंगल आहे ते, बिबट्याच्या तोंडचा घास आपण नेऊन द्यायचा का?

देशीच_बरा :
आठ हजार जास्त देऊन कागद घेतला म्हणता! सोसायटीच्या गेटवर इंडी, म्हणजे देशी, पिल्लं फुकट मिळतात, पंचवीस वर्षं पाळतोय, शोबिवची भानगड नाही.

रिंगसाइड :
@देशीच_बरा, माझ्या घरी दोन इंडी आहेत आणि एक शेफर्ड. पण राणी दहा महिन्यांची होऊन त्यांच्या सोफ्यावर बसलीय, तिला आता परत पाठवायची का?

कंपाउंडर_काका :
पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. डॉक्टर नाही, पण ऑपरेशन टेबलाच्या या बाजूने बरंच पाहिलंय.

आईंना सांगा, एकदा पिल्लं झाली म्हणजे मादी निरोगी राहते याला काडीचा आधार नाही. उलट ऑपरेशन न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, बहुधा माज येऊन गेल्यावर महिना-दीड महिन्याने. आठ वर्षांची एक शेफर्ड आणली होती. मालक म्हणे, चार दिवस पाणीच पाणी पिते, उन्हाचं असेल. गर्भाशय बाहेर काढलं तेव्हा माझ्या मनगटापेक्षा जाड होतं. ती वाचली. सगळ्या वाचत नाहीत. मोठ्या जातीच्या कुत्रीची हाडं भरू देऊन मग ऑपरेशन करावं असं बरेच डॉक्टर सांगतात, तेव्हा वेळ त्यांनाच विचारा.

पिल्लं विकायची असतील तर २०१७ चे डॉग ब्रीडिंगचे केंद्राचे नियम वाचा. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादीला दीड वर्षाच्या आत नर लावायचा नाही, बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आणि शेफर्डला सात-आठ पिल्लं सहज होतात. तीन आठवड्यांनंतर बाल्कनीचं काय होतं ते आईंनी एकदा बघायला हवं!

या जातीत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष पिढीजात येतो. वर्ष उलटलं की भूल देऊन एक्स-रे काढा, मग नर लावायचा की नाही त्यावर बोलू. ठाणे-नवी मुंबईत सोय नाही जमली तर परळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, किंवा बैलघोडा हॉस्पिटल. टॅक्सीवाल्याला 'बैलघोडा'च सांगा, दुसरं नाव सांगून उपयोग नाही.

गोचिडाचं औषध चुकवू नका. आणि पावसाळ्याआधी लेप्टोची लस. नवी मुंबईत पाणी तुंबतं, उंदीर आहेत, आणि लेप्टो कुत्र्याकडून माणसालाही होतो.

नाइलाजाने_सेक्रेटरी :
सोसायटीबद्दल मी सांगतो, कारण आमच्या सोसायटीत अशीच नोटीस मीच लावली होती आणि मीच काढली.

अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पाळीव कुत्र्याला सोसायटी बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे मागू शकत नाही. प्रिंट काढून साध्या अर्जाला जोडा, वकिलाची नोटीस लगेच नको, उद्या त्याच लोकांबरोबर गणपती बसवायचाय.

पण आमची बाजूही ऐका. आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टचं दार उघडताच समोर कुत्रा बघून मागे पडल्या, मनगट मोडलं. कुत्रा चावला नाही, भुंकलाही नाही. पट्टा लांब होता, एवढंच. कुत्र्यापासून इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिने किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. अर्जासोबत महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीची नोंद जोडा. आमच्या कमिटीतले निम्मे विरोधक ती दोन कागदं बघूनच गप्प झाले. शी उचलायची पिशवी हातात दिसली की उरलेले निम्मे.

मूळ_लातूरकर :
विषयांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या गावाकडे कारवान आणि पश्मी ही शिकारी कुत्री. पश्मी म्हणजे कानाला-शेपटीला झुपकेदार केस असलेला. कर्नाटकात कारवानलाच मुधोळ म्हणतात, २००५ मध्ये पोस्टाने तिकीटही काढलं. आमच्या आजोबांकडे कागद कधीच नव्हता. पण कोणी पिल्लू मागायला आला की ओसरीवर बसून सांगायचे, याची आई अमक्याच्या वाड्यातली, तिची आई तमक्या तांड्यावरची, बाप पायाला जरा आखूड होता पण दमाला तुटायचा नाही. पाच पिढ्या तोंडपाठ. आणि पायाला आखूड होता हे लपवायचे नाहीत. कळव्यात दोन खोल्यांत राहतो म्हणून मी पाळत नाही, त्याला पळायला रान लागतं.

घणसोलीकर :
सगळ्यांचे आभार. काल राणीला घेऊन व्हेटकडे गेलो होतो.

स्कॅनर वाजलाच नाही. डॉक्टरांनी मानेमागे फिरवला, दोन्ही खांद्यांवर, चिप कधीकधी सरकते म्हणून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत, बरगड्यांवरून. राणीला वाटलं लाड चाललेत, ती आडवी पडली. मशीन बिघडलं असेल म्हणून डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या एका पगवर फिरवलं, तर लगेच नंबर आला.

मग कागद टेबलावर पसरला. झेरॉक्सच आहे, मालकाचं नाव ब्रीडरचं. मुलगी शेजारी उभी राहून वाचत होती. म्हणाली, "बाबा, इथे मेल लिहिलंय." साडेसात महिने तो कागद घरात आहे आणि मी एकदाही खालपर्यंत वाचला नाही. ब्रीडर आता फोन उचलत नाही.

दात मात्र ४२ आहेत. तीनदा मोजले.

रिंगसाइड :
वाईट वाटलं. एक स्पष्ट सांगतो : आता कोणीतरी 'दुसऱ्या पेपरची सोय करून देतो' म्हणून भेटेल. करू नका. तुमच्यासारखा पुढचा माणूस त्यानेच फसतो.

पैसे दिल्याचा पुरावा, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, लशीचं कार्ड, त्या झेरॉक्सची प्रत आणि चिप नसल्याचं व्हेटचं पत्र एकत्र करा. केनेल क्लब ऑफ इंडियाला चेन्नईला लेखी कळवा, राज्याच्या पशुकल्याण मंडळाला प्रत द्या, ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच. आणि राणीला चिप आत्ताच बसवून घ्या, शोसाठी नाही, दिवाळीत फटाक्यांना घाबरून पळाली तर सापडावी म्हणून.

त्या कागदावर तिला ब्रीड शोमध्ये उतरवता येणार नाही. पण स्टॅक सोडून बाकी सगळं शिकवा. पट्टा सैल ठेवून चालणं, थांब म्हटल्यावर थांबणं, लिफ्टचं दार उघडल्यावर आपण सांगेपर्यंत न हलणं. शेफर्ड मेंढ्या राखायला तयार केलेली जात आहे, डोक्याला काम नसेल तर ती स्वतः शोधते, आणि ते सहसा सोफ्यात असतं. मुलीला शिकवू दे. मी वय विचारलं होतं ते त्याचसाठी.

घणसोलीकर :
मुलगी अकरा वर्षांची. कालपासून चिकनचे तुकडे कापून डब्यात भरलेत, वेळापत्रक फ्रिजवर लावलंय. चिप शनिवारी. सोसायटीला अर्ज दिला, परवाना अजून काढायचाय, तेव्हा तो हातात येईपर्यंत शांत आहे.

लिफ्टमध्ये राणी आता कोपऱ्यात बसते, पण फक्त खाली जाताना. वर येताना नवव्या मजल्यावर दार उघडायच्या आधीच उभी राहते. याला काय करावं?

कोपरीवाली :
आठव्यावर उतरा. दोन दिवस. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवताय हे तिला कळू दे, आणि एक मजला चढल्याने तुमचंही बरंच होईल.