शिआत्सुला मराठीत काय म्हणावं? (मर्दन सोडून)

उंबरठा
एका जपानी लेखाचा अनुवाद करतेय. मी 'शिआत्सु' तसंच ठेवलं होतं, संपादकांनी 'अंगुलीमर्दन' करून परत पाठवलं. मला थेट महिषासुर आठवला. शिवाय मर्दन म्हटलं की तेल आलं, चोळणं आलं. शिआत्सुत माणूस अंगावरच्या कपड्यांसकट गादीवर आडवा होतो, तेलाचा थेंब नाही. अंगठा एका जागी सरळ खाली दाबून क्षणभर धरायचा नि सोडायचा. 'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब. सुचवा काहीतरी.

जुनं_वळण
नरकचतुर्दशीला पहाटे घरोघर मर्दनच होतं, तेव्हा कुणाला महिषासुर आठवत नाही. तेलाचा मुद्दा मात्र मान्य. 'अंगुलिपीडन' घ्या. आणि समासात 'लि' ऱ्हस्व, हे संपादकांनाही कळवा.

तालमीची_माती
पैसे देऊन पीडन कोण करून घेणार राव? सरळ 'चेपणे' आहे की. आजोबा आडवे झाले की आम्ही दोघं भाऊ एकेक पाय वाटून घ्यायचो. कंबर धरली असेल तर सगळ्यात हलकं पोरगं पाठीवर उभं करायचे, ते 'तुडवणं'. चोळणं निराळं, रगडणं निराळं. घरात एवढं असताना संस्कृतच्या दारात कशाला जायचं?

उंबरठा
चेपणे नेमकं बसतं, खरंय. पण पाय चेपण्याला जी लाचारी चिकटलीय तिचं काय करू? लेख नामिकोशी तोकुजिरोंवर आहे. त्यांनी १९४० साली तोक्योत शिआत्सुची शाळा काढली. १९५४ मध्ये मेरिलिन मन्रो जपानला आली, तेव्हा तिच्यावर उपचार केले. 'मन्रोचं अंग चेपून दिलं' असं लिहू?

तालमीची_माती
लिहा की. वाचतील तरी.

तळटीप
जपानीतही हाच घोळ आहे. जुना शब्द 'आन्मा', चिनीतून आलेला. 'आन' म्हणजे दाबणं, 'मा' म्हणजे चोळणं. एदो काळात हा अंधांचा मोठा व्यवसाय होता, रात्री शिट्टी वाजवत ते गल्लीबोळातून फिरायचे. आमच्या जपानीच्या बाईंच्या मते नव्या मंडळींना तो वास नको होता, म्हणून नवं नाव. आजही तिथला सरकारी परवाना 'आन्मा मास्साजी शिआत्सु शि' या नावाने मिळतो. एकही शब्द टाकवला नाही त्यांना! (शेवटचा 'शि' बोटाचा नव्हे, तो व्यावसायिकाला लावतात.)

जुनं_वळण
मग 'संवाहन' का नको? मृच्छकटिकात अंग रगडणारा संवाहक आहे, जुगारात हरतो नि पुढे भिक्षू होतो. शब्दाला दोन हजार वर्षांच्या आसपासचं वय आहे.

तालमीची_माती
काका, संवाहक म्हटल्यावर लोक तिकीट मागतील.

सातासमुद्रा
इंग्रजी 'शाम्पू' हिंदी 'चाँपना'वरून आलाय, हे माहीत असेलच. आधी त्याचा अर्थ अंग रगडणं असाच होता. साहेबाने शब्द नेला, डोक्याला चोळला आणि बाटलीत भरून आपल्यालाच विकला. आपलं चेपणे त्याच घराण्यातलं.

तळटीप
चाँपनापर्यंत ठीक. चेपणे कशावरून?

सातासमुद्रा
आजी 'चापणे' म्हणायची.

तळटीप
ते लुगडं चापूनचोपून नेसण्यातलं असेल.

सातासमुद्रा
माझ्या आजीला तुम्ही ओळखता का?

दुपारची_झोप
मावशी रेकी करते, तीही जपानीच ना? हात नुसता ठेवते. तेही चेपणंच का?

तळटीप
नाही, ते 'रेइ' अधिक 'कि', आत्मा आणि प्राण असं ढोबळमानाने. उसुई मिकाओंनी १९२२ मध्ये सुरू केलं. मराठी पेपरात मात्र चोरटे बंगल्याची रेकी करतात, तो शब्द वेगळा. हात ठेवण्यासाठी जपानीत 'तेआते' आहे. 'ते' म्हणजे हात, 'आते' लावणं. अर्थ उपचार. पगारातल्या भत्त्यालाही तेच म्हणतात!

दुपारची_झोप
म्हणजे आपला 'हातगुण'?

जुनं_वळण
अजिबात नाही. हातगुण वैद्याचा असतो, क्रियेचा नव्हे. आमच्या डॉक्टरांचा हातगुण असा, की केसपेपर काढला की ताप उतरायचा.

तालमीची_माती
आमच्यात डॉक्टरच्या हाताला 'यश' असतं. हातगुण लोणच्याला.

उंबरठा
लोणच्याला??

दुपारची_झोप
हो हो, लोणच्यालाच. मावशीचं दरवर्षी बुरसतं.