मामा तलावातली मासोळी कोणाची? सोसायटीची की गावाची?

पाळीवरचा:
आमच्या गावच्या (जि. भंडारा) मामा तलावाचा मासेमारीचा ठेका यंदाही मच्छीमार सोसायटीलाच गेला. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) मालकीचे. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. सोसायटीच्या यादीत शंभरावर नावं, जाळं टाकणारे पंधरा-वीस. मासोळी पहाटेच बर्फाखाली व्यापाऱ्याच्या गाडीत जाते आणि गावातल्या पोरानं गळ टाकला तर त्याला हुसकावतात. ठेका ग्रामसभेला द्या, एवढंच म्हणणं आहे.

डोंगा:
ग्रामसभा म्हणजे कोण, दादा? ज्याची धानाची बांधी तलावाखाली, तोच तिथं बोलतो. आम्हा ढिवरांना, मासेमारीवर जगणाऱ्यांना, बांधी नाही, पाणी हेच आमचं शेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून आम्ही कागद घेऊन फिरतो आहोत.
हिशेब ऐका. जुलै-ऑगस्टात बोटुकली सोडायची, बोटाएवढी. कटला किलोभराचा व्हायला मार्च-एप्रिल उजाडतो. पण ऑक्टोबरात धान निसवलं आणि पाऊस दडला की बांध्यांना पाणी द्यायला तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडतं. दिवाळीपर्यंत तलाव गुडघाभर. मग बगळे जेवतात आणि ठेक्याची रक्कम आम्ही भरतो, पूर्ण. यादीतल्या खोट्या नावांबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र खरं आहे. त्यात आमचेही पुढारी आहेत.

वहिवाट:
ठेक्यावरून भांडताय, पण तलाव तरी उरणार का? बुडितात, म्हणजे पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत, दरवर्षी चार ओळी नांगर आत सरकतो. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य, सुप्रीम कोर्ट, २८ जानेवारी २०११, हा निकाल वाचा. पटियाला जिल्ह्यात रोहर जागीर गावच्या तलावात भर टाकून घरं बांधली होती. जिल्हाधिकारी म्हणाले, हटवू नका, सरकारी दरानं किंमत घ्या. वर आयुक्तांनी ते फिरवलं आणि सुप्रीम कोर्टापर्यंत आयुक्तांचंच म्हणणं टिकलं. अशी सार्वजनिक जागा मोकळी करण्याची योजना आखा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. किती वर्षं बसलात, किती खर्च केलात, ही सबब चालत नाही.

गाळपेर:
तो नांगरवाला मीच. फेब्रुवारीत पाणी उतरलं की अर्ध्या एकरात काकडी-टरबूज लावतो, मे महिन्यात सोडून देतो. घर बांधलं नाही, भर टाकली नाही. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या पट्ट्यांना अपवाद आहे, तेवढं गाळून वाचलंत.

वहिवाट:
गाळलं, चूक माझी. पण तुमच्याकडे तो पट्टा आहे का?

गाळपेर:
अर्ज आहे.

डोंगा:
टरबुजाचं मला वाईट वाटत नाही, नांगराचं वाटतं. काठची पाणवनस्पती उपटली की मरळीनं अंडी कुठे घालायची? कटला-रोहू साचल्या पाण्यात वीतच नाहीत, त्यांचं बीज दरसाल विकत आणावं लागतं. फुकटात वाढत होती ती गावठी मासोळी, तिचं घर तुम्ही नांगरता. त्या जागी आता बेशरमाचं झुडूप माजलंय.

पाळीवरचा:
पुन्हा मूळ मुद्द्यावर. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि जलाशयातली इतर उत्पादनं स्पष्ट लिहिली आहेत. म्हणजे ग्रामसभा ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, कायद्यातली आहे.

डोंगा:
तो कायदा वनजमिनीचा, दादा. गडचिरोलीत जंगलातल्या गावांना लागू पडेल. आपला तलाव बसस्टँडच्या मागे आहे.

पाळीवरचा:
बरं, तो मुद्दा सोडतो. मग निदान तुडूम कधी उघडायचं ते ठरवताना सोसायटीचा माणूस बसवा, आणि सोसायटीनं यादी चावडीवर लावावी. चालेल?

डोंगा:
यादी उद्या लावतो. तुडुमाचं तुमच्या काकांना विचारा, चावी त्यांच्याकडे असते.