काउंटी वर्ग म्हणजे पत्र्याचे डबे? काहीही!

दर्यावर्दी: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की काउंटी वर्गाच्या हेवी क्रूझर, म्हणजे आठ इंची तोफांच्या ब्रिटिश युद्धनौका, पत्र्याचे डबे; पुरावा त्याच वर्गाच्या, जपान्यांनी बुडवलेल्या डॉर्सेटशायर आणि कॉर्नवॉल. अहो, युद्धनौकांना वेसण घालणाऱ्या वॉशिंग्टन कराराची क्रूझरला मर्यादा १०,००० टन. त्यात आठ इंची आठ तोफा, साडेएकतीस नॉट वेग आणि महासागर पालथे घालण्याइतकं तेल बसवायचं. चिलखताला कात्री लागणारच. जर्मन युद्धनौका बिस्मार्कच्या मागावर रडार लावून कोण होतं? सफोक आणि नॉरफोक, दोन्ही काउंटीच. शेवटचे पाणतीर (टॉर्पेडो)? डॉर्सेटशायरचे.

पत्रेवाला: ठोकून देणारा मीच. अर्धमेल्या जहाजाला पाणतीर मारण्यात कसला पराक्रम? ५ एप्रिल १९४२ला श्रीलंकेच्या नैर्ऋत्येला सूर मारून बाँब टाकणारी जपानी विमानं, डाइव्ह बाँबर, आली आणि दोन्ही जहाजं बघता बघता तळाला. ४२४ माणसं गेली, उरलेली दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाण्यात. त्यांना ऐकवा तुमचा करार.

दर्यावर्दी: ब्रिटिश युद्धनौका प्रिन्स ऑफ वेल्सला होतं ना जाड चिलखत? डिसेंबर १९४१मध्ये विमानांनीच बुडवली.

गोदीकर: माझे काका आयएनएस दिल्लीच्या बॉयलर रूममध्ये होते. उन्हाळ्यात खाली जीव घाबरा व्हायचा म्हणून चटई घेऊन तोफेखाली झोपायचे. हेवी क्रूझरचा रुबाबच वेगळा.

पत्रेवाला: काकांना नमस्कार, पण दिल्ली हेवी नव्हे. लिअँडर वर्ग, सहा इंची तोफांची लाइट क्रूझर. उलट माझाच मुद्दा सिद्ध झाला! तिचं नाव अकिलीस होतं तेव्हा, डिसेंबर १९३९, प्लेट नदीच्या मुखाशी आठ इंची एक्सेटर लुळी पडली आणि सहा इंची अकिलीस, एजॅक्स जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेला चिकटून राहिल्या.

दर्यावर्दी: कारण श्पेनं मुख्य मारा एक्सेटरवर धरला! आणि ती काउंटी नव्हेच, यॉर्क वर्ग, तोफा सहा. वाचून तरी येत चला.

गोदीकर: हेवी-लाइट घाला चुलीत. दिल्लीचं एक टरेट, तोफांचा फिरता बुरूज, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नौदल तळावर मानानं ठेवलंय. आपण काय केलं? जुनी विमानवाहू विक्रांतसुद्धा २०१४ला मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं मोडतात तिथे, नेऊन कापली.

हिशेबनीस: गंजलेला सांगाडा पोसायला पैसे कोण देणार होतं? तुम्ही?

गोदीकर: हो, देत होतो! पोरीला दाखवायला नेलं होतं, डेकवरच्या विमानापाशून हलेना. तुम्ही कधी पाय ठेवलात का त्या सांगाड्यावर?

हिशेबनीस: भावनेवर डागडुजी होत नाही, साहेब.

पत्रेवाला: धागा काउंटीचा आहे, विक्रांतचा नवा काढा! दर्यावर्दी, प्रिन्स ऑफ वेल्स दिली तुम्हाला, खूश? पण ती गेली मुख्यतः पाणतीरांनी. डॉर्सेटशायर निव्वळ बाँबनी गेली, कारण डेक पातळ.

दर्यावर्दी: उपकार झाले. आता जाड डेक १०,००० टनांत बसवून दाखवा. वेग कमी करणार असाल, तर बिस्मार्कमागे कुणाला धाडता तेही लिहा.